टपावर जाऊ नका: जुन्या रिमोट बग्ग्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात तामिया या जपानी कंपनीच्या जुन्या रिमोट बग्ग्यांचा ओझरता उल्लेख केला आणि पत्रांचा पाऊस पडला. जवळपास प्रत्येक पत्राबरोबर फोटो आहे आणि जवळपास प्रत्येक फोटो वरून काढलेला. टप, म्हणजे गाडीचं वरचं कवच, छान दिसतो, स्टिकर छान दिसतात, मला हवं ते काहीच दिसत नाही. घरात मला "आधी पोट दाखव" म्हणून चिडवतात ते याचमुळे. कुणी बग्गी हातात दिली की मी ती आधी उताणी करते. असो. निवडक प्रश्न घेतले आहेत. काही पत्रं लांबलचक होती, त्यांना कात्री लावली आहे.

प्रश्न: ओळखीच्या एकांकडून जुनी हॉर्नेट घेतली. काळा टप, मागे स्पॉयलर, मागच्या टायरांना काटे, सगळं चित्रातल्यासारखं. पण ती पळत नाही, नुसती चालते. मोटर काढली तर अगदीच लहानखुरी निघाली. मोठा भाऊ म्हणतो, ही हॉर्नेट नाहीच, ग्रासहॉपर आहे. विकणारे शपथेवर हॉर्नेट सांगतात. खरं कोण बोलतंय?

उत्तर: भाऊ. विकणारे खोटं बोलले असंही मी म्हणणार नाही. टप बघून त्यांनी नाव सांगितलं, बहुतेक लोक तेच करतात.

या दोन्ही गाड्या १९८४ च्या. ग्रासहॉपरचा खोक्यावरचा क्रमांक ५८०४३, हॉर्नेटचा ५८०४५. दोन्ही दहास एक प्रमाणातल्या, दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या, आणि अंगावरचे कपडे उतरवले तर सख्ख्या बहिणी. खालची प्लास्टिकची टबासारखी चासी तीच, पुढचा रुंद बंपर तोच, पुढचे हात तेच, मागचा बंद गिअरबॉक्स तोच. त्यामुळे गेल्या चाळीस वर्षांत घराघरात यांची इतकी अदलाबदल झाली आहे की टप, टायर आणि स्पॉयलर हे पुरावे म्हणून निकामी झालेत. यातली कुठलीही गोष्ट कुणीही एका संध्याकाळी बदलू शकतो.

बघायचं ते हे. पहिली मोटर. ग्रासहॉपरला कंपनीनं ३८० जातीची मोटर दिली होती, हॉर्नेटला ५४०. व्हर्नियर असेल तर मोटरच्या डब्याचा व्यास मोजा, नसेल तर साधी पट्टी चालेल: ३८० साधारण २८ मिलिमीटर भरते, ५४० साधारण ३६. नजरेलाही फरक लगेच कळतो. तुमच्या पत्रातलं "लहानखुरी" वाचूनच मी भावाच्या बाजूनं झुकले. पण मोटरही बदलता येते, म्हणून एकट्या मोटरवर निकाल देऊ नका.

दुसरे मागचे शॉकअप. खरा कस इथे लागतो, कारण हे बदलायच्या भानगडीत फारसं कुणी पडत नाही. हॉर्नेटच्या मागच्या शॉकअपमध्ये तेल असतं. ग्रासहॉपरला नुसती स्प्रिंग आणि आतला दांडा, तेल नाही. एक शॉकअप सोडवा, स्प्रिंग काढा आणि दांडा दोन बोटांत धरून आतबाहेर करा. तेल असेल तर दांडा मधात बुडवलेल्या चमच्यासारखा संथ, एकसारखा जोर मागत जातो. तेल नसेल तर सर्रकन जातो. एक खाचखळगा आहे: हॉर्नेटचा शॉकअप वर्षानुवर्षं गळून कोरडा झाला असेल तर तोही सर्रकन जाईल. म्हणून बाहेरून नीट बघा. तेल भरायचं टोपण आणि दांड्याभोवती रबरी सील आहे का? बुडाशी धूळ चिकटून काळपट, तेलकट राप बसला आहे का? सील असेल आणि राप असेल तर तो कधीकाळी तेलाचा होता.

तिसरं, टप बोटानं दाबून बघा. ग्रासहॉपरचा मूळ टप पांढरा आणि कडक प्लास्टिकचा, साच्यातून काढलेला, टकटक वाजवला तर डब्यासारखा वाजतो. हॉर्नेटचा टप पातळ पॉलिकार्बोनेटचा, दाबला की आत जातो आणि परत येतो. तुमच्याकडचा काळा टप अस्सल हॉर्नेटचा असेलही. पण तो ज्या गाडीवर बसलाय ती ग्रासहॉपर आहे.

आता "पळत नाही" याबद्दल. मला विचाराल तर तिला आहे तशीच राहू द्या. या दोन्ही गाड्यांची मागची रचना अशी आहे की मोटर, गिअरबॉक्स आणि आस हा सगळा एकच गठ्ठा. तो पुढच्या टोकाला चासीला जोडलेला आणि मागे दोन स्प्रिंगांवर तोललेला. एक चाक दगडावर चढलं की सगळा गठ्ठा वर उचलला जातो, मोटरच्या वजनासकट. चांगल्या बग्गीत चाकाबरोबर हलणारं वजन कमीत कमी ठेवतात, इथे सगळ्यात जड वस्तूच चाकाबरोबर नाचते. हॉर्नेट खडबडीत जमिनीवर बेडकासारख्या उड्या का मारते याचं उत्तर हेच. शॉकअपमधलं तेल थोडा आवर घालतं, पण पुढच्या बाजूला तर हॉर्नेटलाही तेल नाही, नुसत्या स्प्रिंगा. ३८० च्या वेगाला ही रचना पुरून उरते. ५४० ला ती जेमतेम पुरते. दोन्ही जवळ असताना माझा हात नेहमी ग्रासहॉपरकडे जातो. ती वळणावर कोलमडत नाही आणि एका चार्जमध्ये जास्त वेळ खेळू देते.

प्रश्न: ग्रासहॉपरचा पांढरा टप पिवळा पडलाय, रंगवायचा आहे. दुकानदारांनी "आरसी गाडीचा रंग" म्हणून स्प्रे दिला, पण तो टपाच्या आतून मारायचा असं डबीवर लिहिलंय. आतून मारून बाहेर कसा दिसणार?

उत्तर: दिसणार नाही. तुम्हाला दिलेला स्प्रे हॉर्नेटसारख्या पारदर्शक पॉलिकार्बोनेट टपाचा आहे. तिथे रंग आतून मारतात म्हणजे बाहेरची चकाकी राहते आणि घासलं तरी रंग जात नाही. ग्रासहॉपरचा टप अपारदर्शक आणि कडक, त्याला बाहेरूनच रंगवायचं. तामियाच्या स्प्रेमध्ये पीएस अक्षरं असलेले पॉलिकार्बोनेटसाठी आणि टीएस अक्षरं असलेले कडक प्लास्टिकसाठी. अदलाबदल केली तर टीएस रंग पॉलिकार्बोनेटवरून पापुद्र्यांनी सुटतो. डबी परत करा.

टप धुताना कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण पुरे. थिनर, पेट्रोल यांच्या वाटेला जाऊ नका, प्लास्टिकवर बारीक चिरा येतात आणि मग कितीही रंग लावा, त्या दिसत राहतात. आणि खरं सांगू? पिवळेपणा फार नसेल तर रंगवूच नका. स्टिकर शाबूत असलेला पिवळट मूळ टप मला नव्या रंगवलेल्या टपापेक्षा जास्त आवडतो.

प्रश्न: माझ्या हॉर्नेटच्या चासीवर खालच्या बाजूला १९८४ असं उठावात लिहिलंय. म्हणजे ती पहिल्या उत्पादनातली ना? मित्र म्हणतो नंतर पुन्हा काढलेली असू शकते.

उत्तर: मित्राचं ऐका. प्लास्टिकवर उठावात आलेलं वर्ष साच्यात कोरलेलं असतं. तो साचा वीस वर्षांनी पुन्हा यंत्रावर चढवला तरी वर्ष तेच उमटणार. हॉर्नेट २००४ मध्ये पुन्हा बाजारात आली, ग्रासहॉपर २००५ मध्ये. त्यामुळे १९८४ हा आकडा तुमच्या गाडीचं वय सांगत नाही.

खोका असेल तर काम सोपं. जुन्या हॉर्नेटचा क्रमांक ५८०४५, पुन्हा काढलेलीचा ५८३३६. ग्रासहॉपरचे अनुक्रमे ५८०४३ आणि ५८३४६. हाच क्रमांक माहितीपुस्तिकेवरही सापडतो. खोकाही नाही आणि पुस्तिकाही नाही अशी परिस्थिती असेल, आणि बहुधा तीच असते, तर वस्तूंकडे बघावं लागतं. जुन्या टायरच्या बाजूला, रिमला टेकतो तिथे, केसासारख्या भेगा असतात आणि अंगठ्यानं दाबला तर रबर दबत नाही. पॉलिकार्बोनेटचा जुना टप खिळ्यांच्या भोकांपाशी तडकलेला असतो. पण टायर आणि टप हेच सगळ्यात आधी बदलले जाणारे भाग, तेव्हा तिथेही डोळे झाकून विश्वास नको. वेग कमीजास्त करणारा यांत्रिक नियंत्रक आणि पांढरा सिरॅमिकचा रेझिस्टर दिसला म्हणून "जुनी, जुनी" करत नाचू नका. ते सुटे मिळतात आणि हौशी लोक ते नव्या गाडीतही मुद्दाम बसवतात.

खेळण्यासाठी घेतली असेल तर एक विचारते: जुनी असली काय आणि पुन्हा काढलेली असली काय, तुम्हाला फरक काय पडतो? पुन्हा काढलेल्या गाडीचं प्लास्टिक ताजं असतं, ठोकर सोसतं. संग्रहासाठी घेतली असेल तर मात्र क्रमांकाशिवाय पैसे मोजू नका.

प्रश्न: फ्रॉगच्या मागच्या बाजूने वेग घेताना कट्-कट्-कट् आवाज येतो आणि गाडी जागेवरच थरथरते. मोटर तर जोरात फिरतेय. गिअर गेले असतील का?

उत्तर: गेले असतील, पण आधी दुसरीकडे बघा. फ्रॉग म्हणजे १९८३ ची, क्रमांक ५८०४१. ग्रासहॉपरच्या आधीची असूनही रचनेत तिच्यापेक्षा पुढारलेली. दोन अर्धुकं जोडून केलेला पिंजऱ्यासारखा प्लास्टिकचा सांगाडा, मागची दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वरखाली होणारी. ग्रासहॉपरसारखा सगळा गठ्ठा हलत नाही, गिअरबॉक्स चासीला पक्का आणि तिथून दोन आडवे दांडे चाकांपर्यंत शक्ती नेतात. खड्ड्यावरून जाताना फ्रॉग किती निवांत राहते ते दोन्ही गाड्या शेजारी चालवल्यावरच कळतं.

पण त्या दांड्यांतच गोम आहे. मूळ फ्रॉगच्या दांड्यांची टोकं षटकोनी आहेत, नटासारखी. ती षटकोनी खाचेत बसतात आणि चाक वरखाली झालं की त्या खाचेत वाकडीतिकडी घासतात. सहा कोपऱ्यांवर सगळा भार. दांडा काढा, टोक उजेडात धरा आणि हळूहळू फिरवा. नवीन असताना कोपऱ्यांवर उजेडाची सरळ रेघ दिसते. झिजलेल्याला रेघच नसते, टोक गोलसर होऊन सगळीकडे सारखं चमकतं. मग ताण आला की ते खाचेत घसरतं, कट् करून पुढच्या कोपऱ्यावर जातं, पुन्हा घसरतं. तुमचा आवाज तोच असावा असा माझा कयास आहे. कारण तुम्ही म्हणता थरथर वेग घेतानाच होते, एकसारख्या चालीत नाही.

खात्री करायची असेल तर एक मागचं चाक हातात घट्ट धरा, दुसरं सोडा आणि अगदी थोडा थ्रॉटल द्या. मग उलट करा. एकाच बाजूला आवाज आला तर त्या बाजूचा दांडा. दोन्हीकडे सारखा आणि आतून, खोलवरून आला तर डिफरन्शियलचे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरांचे) दात, मग मात्र गिअरबॉक्स उघडण्याला पर्याय नाही. उघडाल तेव्हा गिअरबॉक्सची दोन्ही अर्धुकं नीट आवळलेली आहेत का तेही बघा. ती सैल असली की गिअर एकमेकांपासून सरकतात आणि दात खाल्ले जातात.

२००५ मध्ये फ्रॉग पुन्हा काढली (क्रमांक ५८३५४) तेव्हा कंपनीनं हे दुखणं ओळखून दांडे बदलले. नव्या दांड्यांच्या टोकाला गोळा आणि आडवी पिन, ती कपात बसते. कोन बदलला तरी पिन कपात सरकत राहते, घसरत नाही. दांडे मागवताना त्यांच्या जोडीचे कपही मागवा. जुन्या षटकोनी खाचेत नवा दांडा बसणार नाही. संग्रहवाले नाक मुरडतील, मुरडू द्या. चालवायची गाडी असेल तर मी डोळे मिटून नवे दांडे घालेन.

प्रश्न: सँड स्कॉर्चर, रफ रायडर, बग्गी चँप, हॉलिडे बग्गी. ही चार नावं ऐकून डोकं भणाणलंय. यातली कुठली कुणाची कोण?

उत्तर: पहिल्या दोघी जुळ्या आहेत. तिसरी म्हणजे दुसरीचंच नाव बदलून आलेलं रूप. चौथीचा मामला वेगळा आणि तिथेच लोक फसतात.

रफ रायडर (५८०१५) आणि सँड स्कॉर्चर (५८०१६) दोन्ही १९७९ च्या. खालची चासी एकच: काचतंतूंच्या सपाट पाटीवर धातूचे ओतीव भाग. पुढची रचना फोक्सवॅगनच्या बीटल गाडीच्या धर्तीवर, एकावर एक असे मागे झुकलेले दोन हात. रिमोटचा संदेश झेलणारा रिसीव्हर, चाकं वळवणारी छोटी मोटर म्हणजे सर्व्हो, सगळं पारदर्शक झाकणाच्या पाणबंद डब्यात. हातात घेतली की वजनावरूनच कळतं की हे प्रकरण ग्रासहॉपरच्या जातीचं नाही. फरक टपाचा. रफ रायडर ही उघड्या अंगाची शर्यतीची वाळवंटी बग्गी, सँड स्कॉर्चर ही चिखलात जायला तयार केलेली बीटल. दोन्ही टप कडक प्लास्टिकचे.

२००९ मध्ये रफ रायडर पुन्हा काढली ती बग्गी चँप या नावानं, आणि २०१० मध्ये सँड स्कॉर्चर स्वतःच्याच नावानं. दोन्ही धातूच्या त्याच घराण्यातल्या. याच घराण्यात १९८२ ची सुपर चँपही येते, मागे आडव्या ठेवलेल्या एकाच मोठ्या शॉकअपवरून ओळखू येणारी. ती २०१४ मध्ये फायटिंग बग्गी म्हणून परतली.

आता हॉलिडे बग्गी. मूळची १९८० ची. ती २०१० मध्ये त्याच नावानं, तशाच टपानं पुन्हा आली, आणि खाली काय? नव्या जमान्याची प्लास्टिकची डीटी-०२ चासी. जुन्या हॉलिडे बग्गीचा एक सुटा भाग तिला लागणार नाही. सँड रोव्हरचंही २०११ मध्ये असंच झालं. हे वाईट आहे असं नाही. डीटी-०२ चालवायला जुन्या चासीपेक्षा कितीतरी सरस आहे. पण जुना खोका घरात आहे, त्यातल्या गाडीला भाग हवेत, म्हणून कुणी नवी हॉलिडे बग्गी विकत घेऊन तिचे भाग काढायला बसला, तर त्याच्या हाती फक्त टप लागेल. जाहिरातीत नाव वाचलं की आधी चासीचं नाव विचारा. सांगणारा घुटमळला तर खालून काढलेला फोटो मागा.

प्रश्न: मी सातवीत आहे. मामाने त्याची जुनी ग्रासहॉपर मला दिली. मला तिला हॉर्नेटची मोठी मोटर बसवायची आहे आणि लिपो बॅटरी लावायची आहे. मामा नको म्हणतो. तुम्ही त्याला समजावाल का?

उत्तर: अर्ध्या गोष्टीसाठी समजावते. उरलेल्या अर्ध्यात मी मामाच्या बाजूची.

मोटर बदलता येते. गिअरबॉक्स हॉर्नेटचाच आहे, तो ५४० झेलतो. पण नुसती मोटर आणून चालायचं नाही. मोटरच्या टोकावरचा लहान गिअर, पिनियन, तोही ५४० साठीचा घ्यायला लागेल. ३८० चा पिनियन ५४० च्या जाड दांड्यावर चढणारच नाही. बसवल्यावर गिअर हातानं फिरवून बघ. अडखळत फिरला तर फार घट्ट, खडखडला तर फार सैल. मामाला शेजारी बसव, त्यालाही हात चालवू दे. खरं म्हणजे त्यालाच करायचं असेल, म्हणून नको म्हणतोय.

त्याच्याही आधी एक काम कर. गाडी उलटी धर आणि पुढचं चाक बोटानं जोरात फिरव. किती वेळ फिरतं? ग्रासहॉपरच्या चाकांत बेअरिंग नाहीत, प्लास्टिकचे बुश, म्हणजे साध्या कड्या आहेत. इतक्या वर्षांत ते झिजून लंबगोल झाले असणार आणि चाक डगमगत असणार. तिथे बॉल बेअरिंग बसव. तामियाच्या गाड्यांत सगळ्यात जास्त चालणारं माप आहे आतून ५ मिलिमीटर आणि बाहेरून ११, पण आधी जुना बुश काढून मोज. बेअरिंग घातल्यावर त्याच जुन्या ३८० वर गाडी किती मोकळी पळते ते बघ, मग मोटरचं ठरव.

लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, मात्र नाही, निदान आत्ता नाही. मामाच्या गाडीत यांत्रिक वेगनियंत्रक आहे ना, सर्व्होनं हलणारा, ज्याला रेझिस्टर जोडलेला आहे? त्याला बॅटरी किती उतरली हे कळत नाही. लिपोचा प्रत्येक सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की बिघडतो आणि नंतर चार्ज करताना फुगू शकतो, पेटूही शकतो. नव्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकात वेळेवर वीज तोडायची सोय असते. जुन्यात ती नाही, गाडी मंदावेपर्यंत तू खेळत राहशील आणि तोवर बॅटरी गेलेली असेल.  तुला ७.२ व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड बॅटरी पुरते. आणि खेळून झाल्यावर त्या रेझिस्टरला हात लावू नकोस. तो चांगलाच तापतो.

प्रश्न: हॉटशॉट आणि वाइल्ड वन यांत घ्यायची तर कुठली? दोन्ही १९८५ च्या आहेत ना?

उत्तर: आहेत, पण साम्य तिथेच संपतं. हॉटशॉट (५८०४७) ही तामियाची चारही चाकांवर चालणारी पहिली बग्गी, मागच्या गिअरबॉक्सपासून पुढच्यापर्यंत शाफ्ट गेलेला, पुढे एक आणि मागे एक असे दोनच शॉकअप. दिसायला देखणी, पण काहीही दुरुस्त करायचं म्हणजे अर्धी गाडी उतरवायला लागते. वाइल्ड वन (५८०५०) मागच्या चाकांवरची, साधी, १९८४ च्या लष्करी रूपातल्या फास्ट अटॅक व्हेइकलच्याच चासीवर बेतलेली. स्वतः दुरुस्त करणार असाल तर वाइल्ड वन.

प्रश्न: प्रत्येक वेळी स्क्रू काढताना डोकं खराब होतं. पेचकस महागातला आहे, तरीही. स्क्रूच हलके असावेत का?

उत्तर: स्क्रू चांगले आहेत, पेचकस चुकीचा आहे. जपानी गाड्यांचे फुलीच्या डोक्याचे स्क्रू जपानी मानकाचे असतात. दुकानात सहज मिळणारा फिलिप्स पेचकस त्यात बसल्यासारखा वाटतो, पण तळापर्यंत टेकत नाही. जोर दिला की वर चढतो आणि फुलीच्या कडा खातो. जेआयएस लिहिलेला पेचकस घ्या, बहुतेक ठिकाणी दोन नंबरचा चालतो.

डोकं आधीच गेलेल्या स्क्रूवर रुंद रबरबँडचा तुकडा ठेवून त्यावरून पेचकस दाबा आणि हळू फिरवा, पुष्कळदा तेवढ्यानं सुटतो. प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात शिरला की हाताला बारीकसा टप्पा जाणवतो, मग सुलटा आवळा. नाहीतर तो दर वेळी नवा आटा कापतो आणि शेवटी भोकच सैल होतं. आणि स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून लावतात ते निळं लॉकटाइट तेवढं प्लास्टिकपासून लांब ठेवा. धातू-धातूच्या जोडात ते उत्तम, पण चासीच्या प्लास्टिकला लागलं तर काही दिवसांत तिथे तडा जातो.